चौथं नाव

शनिवारी पाठवलेला फॉर्म सोमवारी परत आला. लिमानी तेव्हा कोंबड्यांच्या कारखान्यात लाइनवर उभी होती आणि फोन लॉकरमध्ये होता. जेवणाच्या सुट्टीत तिने डेलचा निरोप ऐकला. शनिवारी चर्चच्या हॉलवर या, काळजीचं कारण नाही, एवढंच. डेल सात वर्षं तिचा टॅक्सचा फॉर्म भरून देत होता. इतक्या वर्षांत त्याने एकदाही निरोप ठेवला नव्हता. आणि काळजीचं कारण नसलं की माणूस ते सांगायला मुद्दाम फोन करत नाही, हे कळण्याइतकी लिमानी शहाणी होती.

तिने डबा तसाच बंद केला. त्या दिवशी मांड्या सोडवताना तिची सुरी दोनदा हाडावर घसरली. सुपरवायझर येऊन मागे उभा राहिला, तेव्हा कुठे हात ताळ्यावर आला.

अमेरिकेतल्या या स्प्रिंगडेल गावात जानेवारी लागला की रिकाम्या गाळ्यांमध्ये टॅक्सची दुकानं उगवतात. पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात आणि एप्रिलच्या मध्यावर तशीच कुजून नाहीशी होतात. दाराशी वाऱ्यावर हातपाय झाडणारा फुगीर बाहुला, काचेवर ‘आजच पैसे’, आत फुकट पॉपकॉर्न. सरकार कमी पगाराच्या आईबापांना वर्षातून एकदा जी रक्कम देतं, तिच्यावर या गिधाडांचा डोळा असतो. वर्षभर कोंबडी कापून बोटं वाकडी झालेल्या बाईचे पाचशे, सातशे, नऊशे डॉलर अर्ध्या तासाच्या टाइपिंगसाठी कापून घेतात आणि वर तिला चॉकलेट देतात. याला चोरी म्हणत नाहीत. चोरी लहान माणसं करतात.

चर्चच्या हॉलमधलं टेबल मात्र फुकट असायचं. डेल होलिफिल्डने चाळीस वर्षं कोंबडीखाद्याच्या दुकानात हिशोब लिहिले होते. बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून परीक्षा देऊन तो या कामाला लागला होता. तोंडाने फारसा गोड नव्हता. पहिल्या वर्षी लिमानीने आभार म्हणून तळलेले मासे आणले, तर म्हणाला, “मासे ठेवा, पण पुढच्या वर्षी पगाराचे कागद चुरगळून आणू नका.”

शनिवारी तो खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसला. एरवी समोर बसायचा.

“जोरिनाचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच कुणीतरी वापरलाय,” तो म्हणाला. “तुमच्याआधी दुसऱ्या कुणीतरी तिला आपलं मूल म्हणून लिहिलंय. कॉम्प्युटर एक मूल दोघांना देत नाही.”

“कुणी?”

“ते मला दिसत नाही. टॅक्सवाले सांगणारही नाहीत. तुमच्या ध्यानात येतंय का कोणी?”

जोरिनाचा नंबर जगात दोनच बायकांकडे होता. एक ती स्वतः. दुसरी टेलमा, तिची धाकटी बहीण, जिने जोरिनाला जन्म दिला होता.

डेलने त्याच्या पद्धतीने सगळं उलगडून सांगितलं. सरकारला कोणी जन्म दिला याच्याशी कर्तव्य नाही. मूल वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री कुणाच्या छपराखाली झोपलं, एवढंच त्यांना हवं असतं. जोरिना दोन महिन्यांची असल्यापासून लिमानीकडे झोपत होती. मावशीलाही हक्क पोचतो. फॉर्म कागदावर छापायचा, सही करायची, पोस्टात टाकायचा. पैसे यायला महिनोन्‌महिने लागतील, पण येतील.

“आणि दुसरीला?” लिमानीने विचारलं.

डेलने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं असावं.

“दोघींनाही पत्र जाईल. जिला सिद्ध करता येणार नाही तिला पैसे परत करावे लागतील. बेपर्वाईने लिहिलंय असं त्यांना वाटलं, तर पुढची दोन वर्षं मदत बंद. सगळ्या मुलांची.”

“आणि मी नाही पाठवला तर?”

“मग तिचं नाव काढायचं. आत्ता, इथून, कॉम्प्युटरवरून जाईल.” त्याने दोन कळा दाबल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या नावापुढे मुलांच्या रकान्यात शून्य आलं होतं. खालची रक्कम पाच हजारांवरून काहीशेवर घसरली होती.

त्या पाच हजारांवर व्हॅन अवलंबून होती. व्हॅनचा गिअरबॉक्स डिसेंबरात बसला होता, आणि तेव्हापासून लिमानी शेजारच्या एम्लेनच्या गाडीतून पहाटे पाचची शिफ्ट गाठत होती. मार्चपासून एम्लेन रात्रपाळीला जाणार होती. त्या वेळी कारखान्याकडे बस नव्हती. तीनदा उशीर झाला की कारखाना चौथ्यांदा बोलावत नाही. रक्कम हातची गेली तर नोकरी जाणार, एवढा तो हिशोब सरळ होता.

पण लिमानी रकमेकडे बघत नव्हती. ती त्या शून्याकडे बघत होती. डेलने छापून दिलेला कागद तिने सही न करता पर्समध्ये घातला आणि घरी आली.

आता फोन उचलावा आणि बहिणीला सांगावं, की बाई, तुझी चूक झाली, दुरुस्त कर. इतकं सोपं होतं, असं ज्याला वाटेल तो लिमानीच्या माणसांत, पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरच्या माणसांत राहिलेला नाही.

त्या माणसांत थोरलीने मागितलं तर धाकटीने नाही म्हणायचं नसतं. म्हणूनच शहाणी माणसं मागत नाहीत. लिमानीने आयुष्यात एकदाच मागितलं होतं. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि टेलमाला दिवस गेले होते. टेलमाच्या पोटावर हात ठेवून ती म्हणाली होती, “हे मला दे.” टेलमा हसली होती आणि हो म्हणाली होती. दोन महिने अंगावर पाजून तिने जोरिना चटईसकट आणून दिली. मूल दिलं म्हणून नातं तुटत नाही. ते दोन्हीकडचं होतं. उन्हाळ्यात जोरिना चार तासांवरच्या एनिडला टेलमाकडे जायची आणि तिलाही आईच म्हणायची. शाळेच्या फॉर्मवर आईच्या ओळीत ती दोन नावं दाटीवाटीने लिहायची. बाईंनी विचारलं तर म्हणायची, ओळ लहान आहे, त्याला मी काय करू. माय मरो पण मावशी जगो, असं आपण नुसतं म्हणतो. ती माणसं दोघींनाही जिवंत ठेवतात.

पण जिने पोटचं दिलं, तिच्याकडे पुन्हा तोंड उघडायचं नाही, हाही त्यातलाच नियम. लिमानीने फोन करून मागितलं असतं तर टेलमा नाही म्हणूच शकली नसती. मग ते मागणं कसलं? गळ्यावर सुरी ठेवणं झालं. आणि न सांगता कागद पोस्टात टाकला, तर टेलमाच्या घरी पत्र जाणार. टेलमाचा नवरा अर्ध वर्ष बिनकामाचा होता, तीन पोरं होती. दोन वर्षं मदत बंद म्हणजे त्या घराला टाळं.

चार दिवस कागद पर्समध्ये राहिला. बुधवारी एम्लेन गाडीत म्हणाली, “तुझी शांतता माझ्या हीटरपेक्षा जास्त आवाज करते. काय झालंय ते सांग, नाहीतर रेडिओ लावते.” लिमानीने सांगितलं. एम्लेनने पुढचा सिग्नल पार केला आणि म्हणाली की मागायचं नसतं हे खरं, पण घडलेलं सांगायला कुणाची बंदी आहे?

रात्रीची भांडी झाल्यावर लिमानीने फोन लावला. तिने मागितलं काहीच नाही. फॉर्म परत आला, डेल काय म्हणाला, व्हॅनचं काय झालंय, एम्लेनची पाळी कधी बदलतेय, सगळं बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं आणि थांबली. पलीकडे पोरांचा गलका चालू होता. मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

“यंदा दुकान नवीन होतं, तिथल्या माणसाने विचारलं, मुलं किती,” टेलमा म्हणाली. “मी काय सांगायचं, ताई? तीन?”

“मलाही इथे विचारतात,” लिमानी म्हणाली. “मी काय सांगू? शून्य?”

मग टेलमाने विचारलं की तो म्हातारा शनिवारी किती वाजता येतो.

शनिवारी टेलमाचा ट्रक दहाच्या आत चर्चच्या आवारात लागला. नवरा कामाच्या शोधात गेला होता, म्हणून ती एकटीच पोरांना घेऊन, पहाटे निघून आली होती. शीतपेटीत भात, नारळातलं कोंबडीचं कालवण आणि केक होता. संकटातसुद्धा रिकाम्या हाताने यायचं नाही, हे त्या लोकांच्या हाडात असतं. तिने लिमानीच्या गालाला गाल लावला. डोळ्याला डोळा मात्र भिडवला नाही.

डेलने तिचा फॉर्म उलटापालटा करून पाहिला. शेवटच्या पानावर तो थांबला.

“हा कुणी भरला?”

“गॅस स्टेशनजवळच्या दुकानातल्या पोराने. गळ्यात सोन्याची साखळी होती.”

“इथे लिहिलंय, तुम्ही स्वतः भरला.”

“मी?” टेलमा पहिल्यांदाच हसली. “मी स्वतः भरला तर मग माझे नऊशे डॉलर कुणी घेतले? मीच मला लुटलं?”

डेल हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. असले दुकानवाले भरणारा म्हणून सही करत नाहीत, म्हणाला, म्हणजे उद्या काही निघालं तर तुम्ही आणि सरकार, तो मध्ये कुठेच नाही. चार मुलं ऐकली आणि चार लिहिली. मूल कुठे राहतं हे एका शब्दाने विचारलं नाही. विचारायला एक मिनिट लागतं, आणि त्या मिनिटाचे त्याला पैसे मिळत नाहीत. टॅक्सचं ऑफिस उद्या या बाईला बेपर्वा ठरवेल. त्या साखळीवाल्याला शोधायला कुणी जाणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि संन्याशाकडून दोराचे पैसेही घ्यायचे.

मग तो कामाला लागला. टेलमाने पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत ट्रकचा मालकीचा कागद होता. परत करायच्या रकमेसाठी नवऱ्याशी बोलून तिने ट्रक विकायचं ठरवलं होतं. ती तयारीनेच आली होती. लिमानीने ते पाकीट पाहिलं.

डेलने जोरिनाचं नाव काढलं. पडद्याकडे पाहिलं. नाव परत घातलं. पुन्हा काढलं. मग खिशातून छोटा कॅल्क्युलेटर काढून कागदावर तेच हाताने केलं.

“ट्रक ठेवा,” तो म्हणाला. “काही परत करायचं नाही.”

“म्हणजे?”

“मोठी मदत तीन मुलांवर थांबते. चौथं असो की दहावं, त्यापुढे सरकार मोजत नाही. दुसरी जी मुलांमागे मिळते ती तुमच्या कमाईच्या मापाने मिळते. तुमची कमाई गेल्या वर्षी इतकी कमी होती की तीन पोरांचंच पुरतं पदरात पडलेलं नाही. चौथीचं कुठून पडणार?” त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. “तिचं नाव लिहून तुम्हाला एक सेंट मिळाला नाही. काढलं तर एक सेंट जाणार नाही. फक्त दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, सही करायची, संपलं.”

लिमानीचा श्वास मोकळा झाला. तिला वाटलं, टेलमाचाही होईल. पण टेलमाचा चेहरा होता तसाच राहिला. मग हळूहळू आक्रसला.

“पैसे नाहीत, तर राहू द्या ना,” ती डेलला म्हणाली. “तिचं नाव माझ्याकडे राहिलं तर कुणाचं काय जातं?”

“हिचं जातं,” डेलने लिमानीकडे बोट केलं. तो मुळातच सरळ माणूस होता, आणि सरळ माणसांना कधी गप्प बसावं ते कळत नाही.

टेलमा बहिणीकडे वळली आणि आपल्या भाषेत बोलली. आवाज चढवला नाही.

“मी ट्रक द्यायला आले होते, ताई. ट्रक देऊन मोकळी झाले असते. चुकलं, भरलं, फिटलं. आता नुसतं तिचं नाव खोडायचं? बदल्यात काहीच न देता, आपल्या हाताने?”

लिमानीला खूप काही सांगता आलं असतं. की हे फक्त कागदावर आहे. की जोरिना कुठे पळून जात नाही. की व्हॅन. पण यातलं काहीही म्हणणं म्हणजे मागणंच होतं. आणि तिच्या ध्यानात आलं, की न बोलता इथे नुसतं बसून राहणं हेही मागणंच आहे. थोरली शेजारी बसलेली असताना धाकटी सही करणार नाही तर काय करणार? नऊ वर्षांपूर्वी हिच्या पोटावर हात ठेवला, तेव्हाही ती हसून हो म्हणाली होती. त्या होकारात हो किती होतं आणि रीत किती, हे लिमानीने कधी तपासलं नव्हतं. तपासायची हिंमत झाली नव्हती, हे खरं.

ती उठली. “मी पोरांकडे बघते,” म्हणाली आणि बाहेर आली.

बाहेर ऊन होतं आणि वारा बोचरा होता. लिमानीबरोबर आलेली जोरिना भावंडांना केक वाटत होती. सर्वांत मोठा तुकडा तिने आधीच आपल्या रुमालात बांधून ठेवला होता. लिमानी पायरीवर बसली. पर्समध्ये तिचा बिनसहीचा कागद होता. टेलमा आतून तशीच निघून ट्रकमध्ये बसली, तर काय करायचं, याचं उत्तर तिने ठरवलं नव्हतं असं नाही. ठरवलं होतं. शून्यावर सही करायची. व्हॅन गेली तर गेली, नोकरी गेली तर गेली. जिचं मूल मागून घेतलं, तिच्या दारात सरकारचं पत्र पाठवायचं नाही.

अर्धा तास गेला. कॉफीचा थर्मास रिकामा झाला म्हणून हॉलमधून कुणीतरी बाहेर येऊन गेलं. मग दार उघडलं.

टेलमाच्या बोटाला शाई लागली होती. ती लिमानीकडे न बघता पायऱ्या उतरली, जोरिनाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ही वेणी कोणी घातली? कोंबडी सोलल्यासारखी दिसतेय.”

“आईने,” जोरिना म्हणाली.

“तरीच.”

तिने वेणी पार उसवली आणि पायरीवर बसून पुन्हा घालायला घेतली. घट्ट, केसाला केस लावून. जोरिना आई गं, आई गं करत राहिली. ती कोणत्या आईला हाक मारत होती, ते कुणी विचारलं नाही.

लिमानी आत गेली. डेलने टेबलावर दोन जाड पाकिटं ठेवली होती. तिने आपला कागद काढला आणि सही केली. तो म्हणाला की शाळेकडून राहत्या पत्त्याचं पत्र आणून ठेवा, मागितलं तर लागेल. आणि मग, थोडं थांबून, “तुमची बहीण सही करायच्या आधी वीस मिनिटं गप्प बसली होती. मी घाई केली नाही.”

“बरं केलंत,” लिमानी म्हणाली.

एवढं सगळं शहाणपणाने केलं म्हणून कुणी बक्षीस दिलं नाही. कागदावरच्या फॉर्मला ऑफिसात लागायचे तेवढे महिने लागले. मार्चमध्ये एम्लेनची पाळी बदलली. लिमानी तीन आठवडे अंधारात पाच मैल चालत गेली, दोनदा उशीर झाला, आणि तिसऱ्यांदा व्हायच्या आत तिने पाळी बदलून मागितली. कारखान्याने तिला रात्री यंत्रं धुणाऱ्यांच्या टोळीत टाकलं. तिथे तासाला पगार कमी आणि औषधाच्या वाफेने डोळे जळायचे. पण एम्लेनची गाडी मिळत होती. रक्कम सप्टेंबरात आली. तोवर व्हॅनचा मालक भंगारवाला झाला होता. लिमानीने त्या रकमेतून एक जुनी मोटार घेतली, जिचं मागचं दार बाहेरूनच उघडायचं.

पुढच्या फेब्रुवारीत टेलमा पुन्हा चार तास ट्रक चालवून आली. एनिडमध्येही फुकट टेबल होतं, पण ती म्हणाली, मला तोच खडूस म्हातारा हवा. साखळीवाल्याच्या गाळ्यात त्या वर्षी फोनची दुकानदारी सुरू झाली होती. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

दोघी बहिणी एकाच बाकावर बसल्या. डेलने नवा फॉर्म उघडला, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं विचारलं. नियमच तसा होता, दरवर्षी सगळं नव्याने विचारायचं.

“मुलं किती?”

“चार,” टेलमा म्हणाली. मग पडद्याकडे हनुवटी करून, “तीन लिहा.”